चाळीस हजारांचं मशीन आणि एक पाचर

मला कॉफी कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कोणी शौकीन माणूस आहे. आमच्या रहाटणीच्या घरात सकाळी चहा होतो, दुपारी चहा होतो, आणि पाहुणे आले तर साखर जास्त घालून परत चहाच होतो. पण मशीन मला कळतं. अठ्ठावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यात काढली, त्यातली शेवटची पंधरा सुपरवायझर म्हणून. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर माझ्या मित्राचा फोन आला, "भावा, घरी कॉफीचं मशीन घ्यायचं म्हणतोय, तू चल संगं," तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही. नाही म्हणावंसं मात्र वाटलं. ते का वाटलं हे सांगण्यासाठीच हे लिहितोय.

हा मित्र चाकणजवळच्या गावचा. मी मराठवाड्यातून आलेलो, खोली शोधत फिरत होतो, तेव्हा यानेच स्वतःच्या घरामागची खोली दिली. पुढे मी सुपरवायझर झालो, तो ऑपरेटरच राहिला. गेटच्या आत तो मला "सायेब" म्हणायचा, "अहो-जाहो" करायचा, तेही असं तोंड करून की मलाच हसू यायचं. गेटच्या बाहेर पाऊल पडलं की "भावा" आणि "तू". इतक्या वर्षांत हा नियम त्याने एकदाही मोडला नाही.

नऊ वर्षांपूर्वी प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

प्रेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर ठेवायचा, दोन बटणं दाबायची, वरून कित्येक टनांचा दणका येतो आणि पत्र्याचा पार्ट होतो. बटणं मुद्दाम दोन असतात, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे त्या वेळी माणसाचे दोन्ही हात बटणांवरच असतात, डायमध्ये नसतात. साधी, शहाणी गोष्ट. पण त्याने वेळ जातो, आणि आमच्याकडे पार्टचा आकडा पुरा व्हायला लागतो. मग काय करायचे सगळे? एक बटण कायमचं दाबून ठेवायचे. एका हाताने पत्रा सारायचा, एका हाताने दाबायचं. कोणी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बटणाभोवती आवळायचा, कोणी पुठ्ठा कोंबायचा. मी स्वतः ऑपरेटर असताना सागवानाची पाचर करायचो, तिरकी तासलेली, वर काळ्या टेपचा एक वेढा, म्हणजे घसरत नाही. सगळ्यांना हे माहीत होतं. सेफ्टीवाला राउंडला यायचा तेव्हा दहा मिनिटं सगळं सुटायचं, तो गेला की परत बांधायचं.

माझा मित्र ट्यूबवाला होता. अपघाताच्या आठवड्यात शेजारच्या कंपनीत एकाचा हात गेला, ते गावभर झालं, आणि वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, याला शपथ घातली. साधीसुधी नाही, पोरीच्या गळ्याची. त्यांना एकच मुलगी. तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावून वदवून घेतलं की बटण बांधणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याने ट्यूब सोडली, पेटीत टाकली आणि मला म्हणाला, "सायेब, आजपासनं दोन हातांनी. आकडा जरा कमी पडंल, संभाळून घ्या."

मी "बरं" म्हणालो. आणि दहाच्या सुमाराला आकडा बघितल्यावर माझं डोकं फिरलं.

आता जे सांगतोय ते मी नऊ वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तो चहाला गेला होता. डिस्पॅचवाले माझ्या मानेवर बसलेले. मी खिशातली पाचर काढली आणि त्याच्या प्रेसच्या डाव्या बटणात ठोकली. हो, सुपरवायझर झालो तरी एक पाचर खिशात असायची, सवय. म्हटलं, येईल तेव्हा सांगू, आजचा दिवस काढ बाबा. तेवढ्यात डिस्पॅचवरून हाक आली आणि मी तिकडे गेलो. तो परत आला. एक पार्ट डायमध्ये अडकला होता. दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस हलत नाही, या भरवशावर त्याने डावा हात आत घातला. उजवा हात उजव्या बटणावर टेकलेला होता.

ओरडणं ऐकून मी धावलो. त्याला गाडीत घातलं. आणि मग, सगळे त्याच्या मागे गेटकडे गेले असताना, मी मागे वळलो. पाचर उपटून खिशात घातली. त्याची पेटी उघडली, वरच्या कप्प्यातली ट्यूब काढली आणि प्रेसच्या पायाशी टाकली. माझ्याच हाताने. चौकशीत माझ्याच अक्षरात लिहिलं गेलं की ऑपरेटरने बटण स्वतः बांधले होते, निष्काळजीपणा त्याचा. दवाखान्यातून आल्यावर त्याने उजव्या हाताने खाली सही केली. गेटबाहेर आल्यावर मला म्हणाला, "मी सोडली व्हती असं लई वाटतंय रे. पर ट्यूब तितंच घावली म्हंत्यात. म्हंजी न्हाईच सोडली."

मी मान हलवली.

तेव्हापासून हा माणूस स्वतःवरचा विश्वास घालवून बसला. गॅस बंद केला की बाहेर जायचा आणि परत येऊन बघायचा, तीन-तीनदा. हायवेपर्यंत गेलेली गाडी वळवून घराचं कुलूप ओढून बघायचा. वहिनी शपथेबद्दल त्याला कधी एक शब्द बोलल्या नाहीत, पण पोरीला साधा ताप आला की दोघंही एकमेकांकडे बघायची नाहीत. पुढे ती पोरगी शिकली, हिंजवडीला नोकरीला लागली, लग्न झालं, गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. दर शनिवारी-रविवारी ती बाळाला घेऊन यायची. आणि हा आजोबा बाळ हातात घ्यायचा नाही. "माझ्याकडं नगं देऊ," म्हणायचा, "माझा भरवसा न्हाई." लोकांना वाटायचं हाताला बोटं नाहीत म्हणून म्हणतोय. मी दर रविवारी त्याच्या घरी जायचो. नऊ वर्षं. सगळे म्हणायचे, मित्र असावा तर असा. च्यायला, ते ऐकताना जमीन फाटावी असं वाटायचं मला.

कॉफीचं म्हणाल तर ती कंपनीचीच देणगी. अपघातानंतर त्याला हलकं काम दिलं, ऑफिसच्या पॅन्ट्रीत. तिथे परदेशी पाहुण्यांसाठी एक मोठं इटालियन मशीन आणलं होतं आणि कोणाला ते चालवता येत नव्हतं. याने एका हाताने ते शिकून घेतलं. किती ग्रॅम पूड, किती बारीक दळायची, किती सेकंदांत कप भरला पाहिजे. मला एकदा बोलावून एवढीशी काळी कॉफी पाजली. मी म्हटलं, "हे काय, काढा आहे का?" तो हसत म्हणाला, "सायेब, तुमच्या जिभंला साखरंचा गंज चढलाय." प्रेसवरचा जुना माणूस त्या पॅन्ट्रीत मला थोडा थोडा परत दिसायचा. मग कंपनीने ते मशीन काढलं, बटण दाबलं की कॉफी देणारं कपाट आणून ठेवलं, आणि याला घरी बसवलं. घरी बसल्यावर तो दिवसभर गॅसची बटणंच तपासत राहिला असता. पोरीने ते ओळखलं. म्हणाली, "पप्पा, घरी मशीन घ्या. चाळीस हजारांपर्यंत बघा, दळायच्या मशीनसकट. मी देते." म्हणून तो फोन.

मी पंधरा दिवस अभ्यास केला, खोटं नाही सांगत. व्हिडिओ बघितले. बायको म्हणाली, "लग्नाची मुलगीसुद्धा इतकी बघत नाहीत." पण मला त्यात डोकं घालायला बरं वाटत होतं. याच्यासाठी काहीतरी नीट, चोख करायला मिळतंय असं वाटत होतं. वहीत लिहून काढलं. पहिलं, पैसे सगळे मशीनवर उधळायचे नाहीत. दळायचं यंत्र फालतू असेल तर लाखाचं मशीनसुद्धा कडू पाणीच देणार. दुसरं, बॉयलर पितळी हवा, जड हवा, म्हणजे उष्णता टिकते. तिसरं, आपल्याकडचं टँकरचं आणि बोअरचं पाणी, आठ महिन्यांत आत खडूसारखा थर बसणार, तेव्हा साफ करायला सोपं हवं. आणि चौथं, मी खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, एका हाताने चाललं पाहिजे.

पिंपळे सौदागरच्या एका दुकानात गेलो. मशीनं ओळीने मांडलेली, सगळी चकचकीत. दुकानातल्या मुलीने पहिल्याच मशीनवर हात ठेवून सुरू केलं, "सर, यात वीस बार प्रेशर आहे."

"वीस कशाला?" मी म्हणालो. "कॉफीला नऊ लागतं. वीस बारने काय ट्रकचा टायर भरायचाय?"

ती हसली. "काका, तुम्ही इंजिनीअर आहात का?"

"न्हाई, आमचे सायेब हायेत ते," मित्र म्हणाला आणि डोळा मारला. दुकानात, गेटच्या बाहेर, त्याने गमतीत म्हटलं होतं. मला बरं वाटलं.

दळायच्या यंत्रावर पहिली अडचण आली. चाळीस हजारांत सगळं बसवायचं तर हाताने फिरवायचं यंत्र घेणं शहाणपणाचं. त्याच पैशात विजेचं तितकं चांगलं मिळत नाही. पण ते एका हाताने धरायचं आणि दुसऱ्या हाताने फिरवायचं. मी वहीत एक हात असं लिहून ठेवलं आणि तरी त्याच्यापुढे हातयंत्राचं कौतुक करत राहिलो, इतका मी गाढव. तो खुर्चीवर बसला, यंत्र दोन्ही गुडघ्यांत आवळलं आणि उजव्या हाताने मूठ फिरवायला लागला. अर्ध्या मिनिटात ते गुडघ्यांतून निसटलं आणि बिया फरशीवर सांडल्या. मुलगी वाकून बिया गोळा करायला लागली, वर बघेना. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, मी येचतो," आणि तोही खाली बसला. मग विजेचं घ्यायचं ठरलं, साधंच, आणि मशीनसाठी पैसे तेवढे कमी उरले.

तरीही एक मशीन बसत होतं. जड, पितळी बॉयलरचं, दिसायला रांगडं, एक दिवा आणि तीन खटके. बघताक्षणी मला आवडलं. त्याला मी वाकून खालून-वरून बघितलं, हलवून बघितलं, हललं नाही. त्याने मशीनच्या दांडीच्या टोकाला असते त्या वाटीत पूड भरली, अंगठ्याने आणि तळव्याने ती दांडी धरली, उजव्या हाताने पूड दाबली, मग दांडी मशीनमध्ये सरकवून जोर लावून फिरवली. या फिरवण्याला चांगली ताकद लागते, आणि हलकं मशीन असेल तर तेच त्याच्याबरोबर फिरतं. म्हणून माणूस दुसऱ्या हाताने मशीन धरतो. हे जड होतं, जागचं हललं नाही. कॉफी धारेने उतरली, मधासारखी संथ. त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले. "अजून जरा बारीक दळाय पायजे," एवढंच म्हणाला, पण चेहरा उजळला होता. मी मनात म्हटलं, झालं, हेच.

मग त्याने मुलीला विचारलं, "हे आपोआप बंद व्हतं का?"

"नाही सर, या मॉडेलला ते नाही. वापर झाला की आपण बंद करायचं."

"म्हंजी चालू ऱ्हायलं तर चालूच ऱ्हातं."

"हो सर. पण लक्षात राहतं की."

त्याने कप खाली ठेवला. शेजारचं हलकं मशीन दाखवून म्हणाला, "आन् ह्ये?" ते अर्ध्या तासाने स्वतःहून बंद होत होतं. वजनाला निम्मं, आत पितळ नाही, वरून स्टीलचा पत्रा आणि आत प्लॅस्टिकची नळी. माझा संताप झाला.

"अरे, डबडं आहे ते! एका वर्षात खळखळायला लागेल. बंद करायला काय लागतं? एक खटका खाली करायचा. तू बॉयलर बघ ना, काय बघतोस भलतंच."

"भावा," तो हळू बोलला, म्हणजे मुलीला ऐकू जाऊ नये असा, "तुला म्हाईत न्हाई का मी कसा हाय? पोरीची शपथ घिऊन ट्यूब सोडायची इसरलो मी. ह्यो खटका माझ्या ध्यानात ऱ्हाणार व्हय? घरात तान्हं लेकरू येतंय."

ती वेळ होती. दुकानात एसी चालू होता, मुलगी तेवढ्यात बिलाची वही आणायला गेली, आम्ही दोघंच उरलो. तोंडात शब्द आले होते. मी गिळले. म्हणालो, "बरं बाबा, हलकंच घे." आणि खोकं उचलून मीच रिक्षात ठेवलं, त्याला उचलू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मशीन सरकतंय. तो दांडी फिरवायला गेला की सगळं मशीन ओट्यावर गरकन फिरतं. एकदा त्याचा धक्का लागून कपबशी फुटली. वहिनी दोन्ही हातांनी मशीन धरून उभ्या राहिल्या तेव्हा कॉफी झाली. "आता हिला रोज सकाळी मशीन धराय हुबी करू का?" तो म्हणाला. "एक कप करायला दोन माणसं. त्यापरास नगंच ते."

मी म्हणालो, "रविवारी येतो. करतो काहीतरी."

शनिवारी गॅलरीत बसून मी काम केलं. जुन्या खाटेचा एक पाय होता सागवानी, त्याचा तुकडा काढला, पटाशीने तासला. मशीन ओट्याच्या कोपऱ्यात बसवायचं, एका बाजूला भिंत, आणि दुसऱ्या बाजूला ओट्याच्या उंच दगडी कडेच्या आणि मशीनच्या पायाच्या मध्ये लाकूड ठोकायचं, म्हणजे फिरायला जागाच नाही. तिरकं तासलं, कड मारली, वर काळ्या टेपचा एक वेढा दिला, घसरू नये म्हणून. शपथ, मला तोपर्यंत काही सुचलं नाही. हाताने सगळं आपणहून केलं. टेप दाताने तोडली आणि ती वस्तू तळहातावर घेतली तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसलोय. तशीच, तेवढीच, फक्त जरा मोठी. टाकून देऊन पुठ्ठा घेऊन जावं असं वाटलं. पण पुठ्ठा टिकला नसता. खिशात घालून गेलो.

रविवारी सकाळी त्याच्या घरी सगळे होते. पोरगी आतल्या खोलीत फोनवर होती. वहिनी बाहेरच्या ओसरीत बाळाला ऊन देत बसल्या होत्या. स्वयंपाकघरात आम्ही दोघं. मशीन कोपऱ्यात सरकवलं, पाचर लावली, तळव्याने दोन ठोके दिले. पक्की बसली. त्याने पूड भरली, दाबली, दांडी चढवली आणि सगळा जोर लावून फिरवली. मशीन ठम्म. जागचं तसूभर हललं नाही.

"आयला!" तो ओरडला. "काय बसवलीस राव!"

एकट्याने, एका हाताने, त्याने स्वतःच्या घरात पहिला कप केला. मला दिला. स्वतःला दुसरा केला. ओट्याला टेकून प्यायला लागला. मग मशीन बंद केलं, खटका दोनदा दाबून बघितला, आणि पाचरीवर बोट फिरवत म्हणाला, "तुझी पाचर कधी सुटायची न्हाई भावा. शॉपमधी आमी सगळे ट्यूब बांधायचो, त्या मायला सारख्या सैल व्हायच्या. तू मातुर पाचरवाला." मग डाव्या हाताकडे बघितलं. "माझी ट्यूब त्या दिवशी तरी सैल व्हऊन गळाय पायजे व्हती. तेवढं बी नशिबात न्हाई."

"ट्यूब नव्हती," मी म्हणालो.

त्याने मान वर केली.

"ट्यूब नव्हती बटणाला. तू सोडली होतीस. तू चहाला गेलास तेव्हा मी पाचर ठोकली. आकडा कमी पडत होता. तुला सांगायचं राहिलं. नंतर पाचर काढून तुझी ट्यूब मीच खाली टाकली." एका दमात बोललो. थांबलो असतो तर परत गिळलं असतं.

त्याच्या हातातला कप तसाच होता. मला वाटलं आता फेकून मारणार. मी तयार होतो, खरं सांगतो, मला ते हवंच होतं. पण त्याने कप खाली ठेवला, अगदी हळू, आणि विचारलं, "म्हंजी मी सोडली व्हती?"

"हो."

"पेटीत ठिवली व्हती?"

"पेटीत. वरच्या कप्प्यात."

"वरच्या कप्प्यात," तो म्हणाला. "तंबाकूच्या डबीशेजारी. मला आठवतंय ते. नऊ वर्सं आठवतंय. मी म्हनायचो, सपान पडलं आसंल." आणि मग त्याचा आवाज चढला, घसा फाटेल इतका. "अगं ए! अगं आत ये! मी सोडली व्हती! शपथ मोडली न्हाई मी! ऐकलंस का, न्हाई मोडली!"

वहिनी बाळ कडेवर घेऊन धावत आल्या, पोरगी मागून. तो रडत होता, हसत होता, काय करत होता त्यालाच कळत नव्हतं. वहिनींच्या खांद्याला धरून तेच तेच सांगत होता, सोडली होती, वरच्या कप्प्यात, डबीशेजारी. वहिनींना पुढचं त्याच्या आधी कळलं. त्याने सोडली होती, तर मग बांधली कोणी? त्यांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.  त्यांनी शिव्या दिल्या असत्या, घराबाहेर काढलं असतं, तर बरं झालं असतं.

मग त्याने हात पुढे केले. "दे इकडं तिला."

वहिनी क्षणभर थांबल्या आणि बाळ दिलं. त्याने ते डाव्या हाताच्या कोपरात नीट घेतलं, बोटं नसलेला तळवा पाठीखाली, अंगठा बाळाच्या झबल्याला. बाळाने त्याच्या मिशीला हात घातला. पोरगी तोंडावर ओढणी धरून उभी होती. मी बघत होतो आणि मला तिथून निघता येत नव्हतं. माझ्या एका वाक्यात जे होतं ते मी नऊ वर्षं दिलं नाही, या पोरीच्या लग्नात अक्षता टाकल्या, बारशाला जेवलो, आणि ते दिलं नाही. हे काही माफ करण्यासारखं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

बऱ्याच वेळाने तो शांत झाला. बाळ तसंच हातावर ठेवून ओट्यापाशी गेला, वाकला, आणि उजव्या हाताने पाचर मागेपुढे करून उपटली. पक्की बसली होती, त्याला तीन झटके द्यावे लागले. मग ती माझ्यापुढे धरली.

"सायेब," तो म्हणाला, "तुमची पाचर घिऊन जावा."

मी घेतली आणि निघालो. ओसरीतून चप्पल घालताना आत दांडी फिरवल्याचा आवाज आला, आणि मशीन ओट्यावरून सरकल्याचा.